जांभळीच्या पठारावरील जागा नंबर तीन धरून बसलेल्या बाईबाबत

पोलीस ठाणे लोणावळे. शनिवार, तारीख ३० एप्रिल १९३८, सकाळी साडेदहा.

नाव महिपती गेणू केदारी, वय अजमासे चौपन्न, धंदा जांभळीच्या पठारावरील तंबूतळाची रखवाली व घरची भातशेती, राहणार कुसगाव, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी तंबूतळ कमिटीच्या चाकरीत नऊ वर्षे आहे. पठारावर तंबू ठोकण्याच्या सहा जागा आहेत. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याची मंडळी तेथे हवा खायला येतात. हवा फुकट आहे, पण जागा कमिटीची असल्यामुळे ती महिनाभर आधी अर्ज करून धरावी लागते. अर्ज मंजूर झाला की कमिटीचे चिटणीस श्री. बेहेरे लाल शाईने सही करून पास देतात आणि त्याची नक्कल मला पाठवतात. पास आणि नक्कल जुळवून जागा दाखवणे, वाळलेली लाकडे पुरवणे व मंडळी गेल्यावर मागे राहिलेले डबे गोळा करणे हे माझे काम आहे.

सहाही जागा सारख्याच सोयीच्या आहेत असे कमिटीच्या छापील कागदात लिहिले आहे. तो कागद वाचून झाल्यावर सगळे तीन नंबरचीच जागा मागतात. तेथे जुनी जांभळ आहे, वीस पावलांवर झरा आहे आणि दरीकडून वारा येतो. दोन वर्षांपूर्वी पुष्कळांनी तीन नंबर नुसता धरून ठेवला आणि आलेच नाहीत. जागा मोकळी पडून राहिली आणि बाकीची मंडळी माझ्या नावाने खडे फोडत बसली. म्हणून श्री. बेहेरे यांनी नियम सातवा केला. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत पासधारकाने स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत जागेचा ताबा घ्यावा, आणि माणूस जागेवर हजर आहे तोवर जागा त्याचीच समजावी. तळावरच्या फळीवर हा नियम त्यांनी स्वतः लिहिला. अक्षर चांगले आहे.

या नियमामुळे खालच्या ठाकरवाडीला बसण्याचा धंदा लागला. मुंबईची मंडळी उशिरा येणार असली की वाडीतले एखादे माणूस मजुरीवर जागेवर बसवतात. जे रान राखीव करताना त्यांना तेथून उठवले, त्याच रानात बसायला आता त्यांना मजुरी मिळते. मी यात कोणाचे वाईट झाले असे म्हणत नाही. हवालदार सोपान यांनी मला मुद्द्याचे बोलण्यास सांगितले. मुद्दा पुढे येतो.

जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती चिमाबाई सावळा ठाकर, वय साठीच्या पुढे, हिला मी लहानपणापासून ओळखतो. पंधरा वर्षांपूर्वी रान राखीव झाले तेव्हा पठारावरची सात खोपटी खाली ओढ्याकाठी हलवली. चिमाबाईचे खोपट जांभळीखाली, म्हणजे हल्लीच्या तीन नंबरवर होते. तिचा नवरा सावळा त्याच्या दोन वर्षे आधी तापाने गेला होता. त्याच्या नावाचा दगड तिने जांभळीपाशी उभा केला होता. दगडावर माणूस कोरला आहे आणि वर चंद्रसूर्य आहेत. खोपट हलवण्याचा हुकूम होता. दगडाबद्दल हुकुमात काही नव्हते, म्हणून तो राहिला.

मी चाकरीला लागलो त्या साली प्रत्येक जागेवर एक मोठा दगड रोवून त्यावर चुन्याने आकडा घालण्यास मला सांगण्यात आले. पाच दगड मी ओढ्यातून वाहून आणले. पाठीची सालटी निघाली. तीन नंबरवर दगड आयता उभा होता. मी त्याच्या पाठीवर आकडा घातला असता तर बरे झाले असते, पण पाठ जांभळीकडे होती आणि आकडा वाटेवरून दिसला पाहिजे असा हुकूम होता. म्हणून मी तोंडावर घातला. दरसाल दिवाळीनंतर मी त्यावर नवा चुना देतो. मला त्याची लाज वाटते. हे तक्रारीशी संबंधित नाही असे हवालदार म्हणतात. तरी लिहावे.

अक्षय्य तृतीयेला चिमाबाई नवऱ्याच्या दगडापुढे घास ठेवते. तो कावळ्याने शिवेपर्यंत ती अन्न घेत नाही. हा सण ऐन हंगामात येतो आणि तीन नंबर तेव्हा कधीच मोकळा नसतो. एका साली मी तेथल्या मंडळींना विचारून तिला आत सोडले. मंडळी चांगली होती. त्यांनी खुर्च्या मांडून पाहिले आणि दगडाशेजारी उभी करून तिचा फोटो काढला. पुढल्या साली ती आत आलीच नाही, जागेभोवतीच्या तारेच्या बाहेरून घास ठेवून गेली. गेल्या साली पाहुण्यांच्या कुत्र्याने तो खाल्ला. पाहुण्यांनी कुत्र्याला रागावले. बाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी होती. मी भाकरी नेली तेव्हा म्हणाली, "भाऊ, कावळा यायच्या आदीच कुत्रं जेवलं. आता त्यो समजंल, म्हातारी इसरली."

तिने रीतसर अर्ज करावा असे मीच तिला सुचवले होते. गेल्या पौषात आम्ही दोघे कमिटीच्या कचेरीत गेलो. कारकुनाने छापील कागद पुढे घेऊन विचारले, "कोठून येणार?" चिमाबाई म्हणाली, "येनार कुटनं? मी हितलीच हाय." कारकून म्हणाला, तळ बाहेरगावच्या मंडळींसाठी आहे, गावची मंडळी चालत नाहीत. मी म्हटले, बाई आता ओढ्याकाठी राहते, म्हणजे तळाच्या बाहेरचीच झाली. कारकुनाने माझ्याकडे पाहिले आणि कागद परत खणात ठेवला. यात त्याचा दोष नाही. छापील कागदाला छापील उत्तरच लागते.

यंदा १० एप्रिल रोजी हार्परसाहेब म्हणून मुंबईच्या एका कंपनीतले गोरे साहेब मोटारीने येऊन जागा पाहून गेले. त्यांनी तीन नंबर ता. २० एप्रिलपासून १० मेपर्यंत धरला होता आणि पास त्यांच्याजवळ होता. त्यांना मागाहून यायचे होते, म्हणून बसायला माणूस हवा होता. मी चिमाबाईचे नाव सांगितले. साहेबांना दुसऱ्या कोणी दुसरे नाव सांगण्याआधी मी सांगितले. साहेबांनी तिला बोलावून पास तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "हम आने तक उठना नहीं." चिमाबाईने पास लुगड्याच्या गाठीला बांधला आणि म्हणाली, "न्हाई उठनार." एवढाच करार झाला.

ता. २० रोजी सकाळी ती गोणपाट घेऊन जागेवर येऊन बसली, ती काल तारीख २९ पर्यंत तेथेच होती. भाकरी तिची सून गंगी आणते. चिमाबाई झऱ्यावर वगैरे जाते तेव्हा गंगी गोणपाटावर बसते. जागा घटकाभरही रिकामी राहिली नाही, हे मी रखवालदार म्हणून खात्रीने सांगतो. बसल्याबसल्या तिने जागा झाडली, जुनी चूल होती तेथली माती थापटून सारखी केली आणि दगडाभोवतीचे गवत कोयत्याने काढले. मी तिला म्हटले, दगडावरचा चुना खरवडून देतो. ती म्हणाली, "नगं भाऊ. त्यो आकडा हाय म्हून तर मला त्याच्यापाशी बसाया मिळालं."

आमच्या मुलखात दुसऱ्यासाठी जागा धरली तर ज्याने बसवले त्याने येऊन उठ म्हणेपर्यंत उठत नाहीत. बाजारात असो, खळ्यावर असो. शेजारणीची टोपली राखायला बसलेली बाई उन्हाने करपेल पण उठणार नाही. हा रिवाज कोठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडताही येत नाही. मी एकदा तिला सहज विचारले, साहेब नाहीच आला तर काय करशील. ती म्हणाली, "तर उठंल की. दुसऱ्याची जागा धरावी, बळकावू न्हाई." यंदाची अक्षय्य तृतीया येत्या मंगळवारी आहे. साहेब तंबूत असले तरी बिचारे एका घासाला नाही म्हणणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. साहेब कुत्रे आणणार आहेत का, एवढेच तिने मला दोनदा विचारले.

ता. २७ रोजी पुण्याचे एक दिवाणबहादूर अकरा माणसे व ग्रामोफोन घेऊन तळावर उतरले. त्यांचा पास पाच नंबरचा होता. पाच नंबरवर उतरून त्यांनी तीन नंबरचा वारा पाहिला. तेथे एक म्हातारी बसली आहे आणि तंबू नाही, हे त्यांना पटेना. त्यांनी आपला नोकर खाली धाडला आणि ता. २८ रोजी सकाळी नऊच्या सुमारास श्री. बेहेरे स्वतः वर आले. ते चढून आल्याने दमले होते. पुढील बोलणे माझ्यासमोर झाले ते असे.

श्री. बेहेरे म्हणाले, "बाई, उठा."

चिमाबाई म्हणाली, "सायब आला का?"

"साहेब यायचे नाहीत आता. आठ दिवस झाले."

"तुमास्नी तसं सांगितलं का त्यांनी?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय ना!"

"दिसतंय ते मला बी दिसतंय. पन सांगितलं न्हाई न्हवं? मंग येल."

श्री. बेहेरे यांनी तिला पास दाखवण्यास सांगितले. तिने गाठ सोडून दाखवला. त्यावर लाल शाईची सही त्यांचीच होती. मग ते फळीपाशी गेले आणि नियम सातवा उभ्याने दोनदा वाचून आले. त्यांनी मला विचारले, प्रतिनिधी म्हणजे अशी बाई चालते का. मी सांगितले की बाई चालत नाही असे फळीवर नाही. ते म्हणाले, फळीवर सगळेच लिहायचे तर फळी पुरायची नाही. हे खरे आहे. दिवाणबहादूर तोवर जवळ येऊन उभे होते. ते म्हणाले की कमिटीला एक म्हातारी उठवता येत नसेल तर कमिटी काय कामाची. यावर श्री. बेहेरे यांनी बरोबर आणलेल्या कमिटीच्या चपराशाला खूण केली. बोलणारा बोलून जातो आणि हमाली दुसऱ्याच्या वाट्याला येते.

तक्रारीत चिमाबाईने चपराशावर कोयता उगारला असे लिहिले आहे. मी चार हातांवर उभा होतो. चपराशाने तिचा दंड धरला. कोयता गवतात पडला होता आणि चपराशाचा अनवाणी पाय त्याच्याकडे चालला होता. तिने कोयता उचलून मागे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पाय बघून ठेव. धार लावल्याली हाय." कोयता पाहून चपराशी जो मागे सरकला तो लागूनच असलेल्या पाच नंबरच्या तंबूच्या दोरीत अडकून पडला. त्याच्या कोपराला लागले ते त्यामुळे. त्याला हळद चिमाबाईने सांगितली आणि गंगीने आणून लावली. हे तक्रारीत नाही.

काल ता. २९ रोजी श्री. बेहेरे यांनी या ठाण्यात तक्रार दिली की सदर बाई कमिटीची जागा दांडगाईने अडवून बसली आहे आणि सोडत नाही. आज आम्हां दोघांना बोलावणे आले. चिमाबाई पहाटे निघून तीन मैल चालत आली आहे. गोणपाटावर तिने गंगीला बसवले आहे. प्रतिनिधीचा प्रतिनिधी चालतो का, हे नियमात नाही. सध्या ती ठाण्याच्या ओट्यावर बसली आहे. तिला आत बाकावर बसण्यास सांगितले, पण ती म्हणाली, "बाक कुनाचा तरी आसंल."

हवालदारांनी मला विचारले, आणखी काही सांगायचे आहे का. मी नाही म्हटले. तेव्हा त्यांनी सांगितले की फौजदारसाहेब आज हार्परसाहेबांना मुंबईस तार करणार आहेत. साहेबांनी जागा सोडली असे उत्तर आले, तर बाई ठाऊक असून रद्द झालेला पास दाखवून बसली असे धरून तिच्यावर फसवणुकीचाही गुन्हा लागेल, आणि मंगळवार काय, पुढला मंगळवारही ती आतच काढील.

यावर मी सांगतो की तार करण्याचे कारण नाही. साहेब येणार नाहीत. मला ठाऊक आहे.

बुधवारी ता. २७ रोजी दुपारी टपालवाल्याने मला एक कार्ड दिले. मजकूर इंग्रजीत होता, म्हणून मी ते स्टेशनातल्या पार्सलबाबूंकडून वाचून घेतले. हार्परसाहेबांनी लिहिले होते की त्यांची बदली कलकत्त्यास झाली आहे, ते येत नाहीत, जागा हवी त्याला द्यावी, आणि म्हातारीला साहेबाने सलाम सांगितला आहे म्हणून सांगावे. नियमाप्रमाणे असे कार्ड आल्यास ते त्याच दिवशी कमिटीत देऊन जागा मोकळी झाल्याची नोंद करावयाची असते. मी दिले नाही. ते माझ्या बंडीच्या खिशात होते. आता काढून हवालदारांच्या पुढे ठेवले आहे.

जागा हवी त्याला द्यावी, असे साहेबांनीच लिहिले होते. मी ती दिली. ज्याला दिली त्याला सांगितले नाही, एवढेच. सांगितले असते तर ती त्याच क्षणी गोणपाट गुंडाळून खाली गेली असती आणि मंगळवारी पुन्हा तारेच्या बाहेर उभी राहिली असती. मला फक्त मंगळवार गाठायचा होता. दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मी स्वतःच कार्ड नेऊन दिले असते. ती रोज मला विचारत होती, "भाऊ, सायबाचं टपाल आलं का?" आणि मी न्हाई म्हणत होतो. कमिटीच्या चाकरीत मी नऊ वर्षांत खोटे बोललो नाही. बाईशी तीन दिवसांत तीनदा बोललो. तिला सलाम सांगायचा राहिला, तोही त्यामुळेच.

तरी चिमाबाईला कार्डाची काहीएक माहिती नाही. ती साहेबांची वाट पाहत इमानाने बसली आहे. श्री. बेहेरे आणि दिवाणबहादूर यांच्याशी ती बोलली ते सगळे खरे समजून बोलली. कायद्याने कोणाला धरायचे असेल तर मला धरावे आणि कमिटीने मला काढायचे असेल तर काढावे. दगडावर चुना द्यायला दुसरा माणूस मिळेल. मी देणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

माझी फौजदारसाहेबांना एकच विनंती होती. माझी सही आज घ्यावी, पण जबाब मला बुधवारी वाचून दाखवावा. ती हवालदारांनी मान्य केली नाही. ते म्हणाले, "केदारी, आज लिहिलेलं आजच वाचायचं. आन् मोठ्यानं वाचायचं, तसा नियम हाय." मी हळू वाचण्याबद्दल बोललो. ते म्हणाले की हळू वाचलेला जबाब कोर्टात टिकत नाही. त्यांचेही बरोबर असेल. ही खोली आणि ओटा यांच्यामध्ये नुसती चौकट आहे, तिला दार बसवलेले नाही.

वरील जबाब मला आरंभापासून शेवटापर्यंत खणखणीत आवाजात वाचून दाखवला. माझ्या तोंडून निघाला तसाच तो कागदावर आला आहे, त्यात कमी नाही की अधिक नाही. सही मोडीत केली आहे.

सहीनंतर माझ्या सांगण्यावरून पुढील मजकूर जोडला. वाचन कार्डापर्यंत आले तेव्हा चिमाबाई ओट्यावरून उठली. हवालदार सलामापर्यंत वाचत गेले तोवर ती चौकटीत उभी राहून ऐकत होती. मग तिने गाठ सोडून पास काढला, हवालदारांच्या टेबलावर कार्डाशेजारी ठेवला आणि मला म्हणाली, "मंग गंगीला उठवाया पायजे." मी म्हटले, चिमाबाई, मंगळवारपर्यंत थांब, मी बेहेऱ्यांच्या पाया पडतो. ती म्हणाली, "सायब येत न्हाई तं मी कुनाची म्हून बसू?" आणि पठाराच्या वाटेला लागली. तिला कोणी अडवले नाही, कारण तक्रार ती जागा सोडत नाही एवढीच होती. हा मजकूरही मला वाचून दाखवला. बरोबर आहे.